लाल माती, काळी पार्श्वभूमी: कुस्तीच्या चित्रातला ग्रीक वारसा

कोल्हापुरात ग्रीक कलेचा विषय काढायचा तर ब्रह्मपुरीपासूनच सुरुवात करावी लागते. पंचगंगेच्या काठच्या या टेकडीवर 1940च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, आणि 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची एक मूर्ती आहे, उंचीला वीतभरही नाही. तिची घडण रोमन काळातली, पण उभं राहण्याची ढब त्याच्या कितीतरी आधीच्या ग्रीक शिल्पातून, लिसिपोस या शिल्पकाराच्या परंपरेतून आली आहे, असं अभ्यासक मानतात. ही मूर्ती आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयाची. तिथं अभ्यासाला जायचं तर मूर्तीच्या चेहऱ्यापेक्षा पायांकडे जास्त वेळ बघावं. वजन एका पायावर आहे, दुसरा पाय गुडघ्यात सैल सोडलाय, त्यामुळं कंबर एका बाजूला चढलीय आणि खांदे तिच्या उलट बाजूला कललेत. पुढं जे सांगायचंय त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून निघतं.

दुसरी वाट मुंबईहून आली. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं आणि तिथल्या अभ्यासक्रमात ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून रेखाटन करणं, म्हणजे ‘अँटिक’, हा पाया होता. आबालाल रहिमान तिथं शिकले आणि कोल्हापुरात आले. पुढं इथल्या यथार्थवादी चित्रकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या याच शिस्तीत हात घासत आल्या. त्यामुळं कोल्हापूरचा चित्रकार माणसाची आकृती बांधायला बसला की ग्रीक वारसा त्याच्या हातात असतोच, त्यानं ठरवलेलं असो वा नसो. प्रश्न एवढाच, की तो वारसा जाणून वापरायचा कसा.

त्यासाठी एकच विषय घेतो, कुस्ती. हा विषय इथला आहे, खासबाग मैदान 1912 पासून इथं उभं आहे, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी इथं आहेत. आणि ग्रीक घड्यांवर पैलवान इतक्या वेळा रंगवलेत की तुलनेला साहित्य भरपूर. तेही अंगाला तेल लावत, माती फासत, आणि खेळ झाल्यावर वाकड्या धातूच्या पट्टीनं तेल-माती निपटून काढत. समजा 4 फूट बाय 3 फुटांचा आडवा कॅनव्हास आहे, त्यावर दोन पैलवान भिडलेले, लाल माती, बाकी सगळं काळं. आजचं चित्र, पण त्यातला ग्रीक धागा नीट विणलेला. ते कसं करायचं, आणि कुठं फसतं, ते सविस्तर बघू.

काळा आणि लाल, एकाच मातीचे

अथेन्समध्ये आधी काळ्या आकृतींची पद्धत होती: लालसर घड्यावर काळी आकृती, आणि आतले तपशील टोकदार हत्यारानं कोरून काढलेले. इ.स.पू. 530-520च्या सुमारास ती उलटी झाली. आकृती मातीच्या मूळ लाल रंगात सोडायची आणि भोवतालची जागा काळी करायची. कोरण्याऐवजी आता कुंचल्यानं रेघ ओढता आली आणि स्नायू, पाठीचा पीळ, वळलेली मान हे सगळं शक्य झालं. कुस्तीच्या चित्राला हीच पद्धत जवळची, कारण आखाड्याची माती मुळात त्याच रंगाची.

इथं एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. घड्यावरचा काळा म्हणजे वेगळा रंग नव्हे. तीच लोहयुक्त माती पाण्यात कालवून, जड कण खाली बसू देऊन, वरचा अत्यंत बारीक गाळ वापरलेला असतो. भट्टीत तीन टप्पे होत. आधी हवा खेळती ठेवून सुमारे 800 अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं, तेव्हा सगळंच लाल होतं. मग हवा कोंडून, ओलं लाकूड टाकून 900 अंशांच्या वर न्यायचं, तेव्हा सगळंच काळं पडतं आणि तो बारीक गाळ काचेसारखा घट्ट होतो. शेवटी थोडं थंड करत पुन्हा हवा सोडायची. घड्याची सच्छिद्र माती हवा घेऊन परत लाल होते, घट्ट झालेल्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो. लाल आणि काळा इतके एकजीव दिसतात ते यामुळं. दोन्ही एकाच मातीचे आहेत.

कॅनव्हासवर हे नातं आपल्याला मिसळून आणावं लागतं. ट्यूबमधला काळा थेट लावला की तो लाल मातीपासून तुटतो, भोक पडल्यासारखा दिसतो. जमिनीसाठी जो लाल मिसळला असेल त्याचाच एक भाग दहा भाग काळ्यात घालावा. डोळ्याला काळाच दिसतो, पण लालाशेजारी ठेवला की लगेच जुळतो. आणि काळा निवडताना मार्स ब्लॅक घ्यावा, आयव्हरी ब्लॅक नको. तेलरंगात आयव्हरी ब्लॅकला तेल जास्त लागतं, तो वाळतो उशिरा, आणि त्यावर दुसरे थर दिले तर पुढं भेगा पडतात. मार्स ब्लॅक लोहाचाच, मूळ छटा किंचित तपकिरी, लवकर वाळणारा आणि झाकणीला भक्कम.

जमीन आणि काठ

कॅनव्हासला अॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात, दोन्ही आडव्या-उभ्या दिशांनी, मध्ये पूर्ण वाळू देऊन. मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासावं. त्यावर बर्न्ट सिएना तीन भाग आणि यलो ऑकर दोन भाग, पाण्यानं पातळ करून दोन हात. एकाच दाट हातात काम उरकलं तर कुंचल्याचे पट्टे राहतात, आणि आकृती याच जमिनीतून उमटणार असल्यानं ते पट्टे पैलवानाच्या अंगावर दिसतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हे थर वरून कोरडे वाटले तरी आत ओलसर असतात. खोलीत पंखा चालू ठेवून एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून बुरशी धरते.

गेरू वापरायचा असेल तर बाजारातला थेट घेऊ नका. ओल्या टीपकागदावर चिमूटभर टाकून बघावा. रंगाचं वलय पसरलं तर त्यात कृत्रिम रंग मिसळलेला आहे, काही वर्षांत उडेल. चांगला गेरू मिळाला की बादलीभर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबावं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावं. तळाची रेव टाकून द्यावी. असं तीनदा केलं की लोण्यासारखा गाळ मिळतो. ग्रीक कुंभार त्यांच्या काळ्या गाळासाठी हेच करत, अधिक सबुरीनं. तेलात घोटायचा असेल तर आधी पूर्ण वाळवून, कच्च्या जवसाच्या तेलात, थेंबाथेंबानं. घर रंगवणाऱ्यांचं बेल तेल नको, ते पिवळं पडतं आणि वर साय धरतं.

आता रेखाटन. कोळशानं आकृती मांडून झाली की सर्वात महत्त्वाची पायरी येते, आणि नेमकी तीच गाळली जाते. लाल आकृती रंगवणारा ग्रीक कारागीर पार्श्वभूमी भरण्याआधी आकृतीच्या बाहेरून सगळीकडं सुमारे 3 मिलिमीटर रुंदीचा काळा पट्टा फिरवून घेई. काठ इथंच ठरायचा. उरलेली जागा भरणं हे नंतरचं, तुलनेनं बिनमहत्त्वाचं काम. घड्यावर आकृती वीतभर असते, आपल्या कॅनव्हासवर ती दोन फुटांच्या आसपास जाईल, म्हणजे पट्टा 8-9 मिलिमीटर धरावा. लांब केसांचा रिगर कुंचला घ्यावा, रंग सायीइतका पातळ करावा, आणि हात खांद्यातून चालवावा. मनगटातून ओढलेली रेघ मांडीच्या लांब वळणावर तुटते. खांद्यापासून कोपरापर्यंत एक ओढ, कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक ओढ. जिथं श्वास घ्यायचा तिथं सांधा असावा, मांसाच्या मध्यावर थांबू नये.

घाई करणारे मोठ्या चपट्या कुंचल्यानं आधी काळं भरून घेतात आणि मागाहून काठ दुरुस्त करतात. मग काठाशी रंगाचे दोन थर चढतात, उजेडात उंचवटा दिसतो, आणि आकृती कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी वाटते. मास्किंग टेप लावणं त्याहून वाईट. टेपचा काठ सगळीकडं सारखा धारदार येतो. जिवंत काठ दाबाच्या जागी, म्हणजे पंजा मानेत रुततो तिथं, जाड असतो आणि बरगडीवर बारीक.

आतल्या रेघा दोन प्रकारच्या. हनुवटी, छातीचा खालचा काठ, हात धडावरून जातो ती सीमा, या ठळक आणि काळ्या. पोटाचे स्नायू, पोटरीचा फुगवटा, कपाळावरच्या बारीक बटा यांसाठी ग्रीक कारागीर तोच गाळ पातळ करून मधासारख्या तपकिरी रंगात वापरत. आपण बर्न्ट अंबर पातळ करून वापरावा. सगळ्याच रेघा काळ्या काढल्या तर पैलवान शरीरशास्त्राच्या तक्त्यातला होतो.

काळ्याची चकाकी हाही एक प्रश्न आहे. घड्यावरचा काळा किंचित तकाकतो, अॅक्रिलिकचा काळा मात्र वाळल्यावर खडूसारखा मेलेला दिसतो. शेवटच्या हातात सॅटिन मीडियम, म्हणजे बेताची चकाकी देणारं द्रव्य, एकास एक मिसळावं. पूर्ण ग्लॉस घेतलं तर शाहू स्मारकच्या कलादालनात काय किंवा कुठंही काय, वरच्या दिव्यांची वर्तुळं काळ्यावर उमटतात आणि बघणाऱ्याला चित्र सोडून दिवेच दिसतात.

तोल

आता पायांकडे येऊ. अँटिकच्या अभ्यासात शिकवलेला नियम असा: एका पायावर उभ्या आकृतीच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार घेणाऱ्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडला पाहिजे. ज्या बाजूला भार त्या बाजूची कंबर वर, त्याच बाजूचा खांदा खाली. इ.स.पू. 480च्या आसपासच्या ‘क्रिटिओसचा मुलगा’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पुतळ्यात ही ढब पहिल्यांदा स्पष्ट दिसते. त्याआधीचे ग्रीक पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असतात.

आपल्या डोळ्यांत मात्र आणखी एक ढब मुरलेली आहे, त्रिभंग. अंबाबाईच्या देवळाच्या भिंतींवर आणि खिद्रापूरच्या कोपेश्वरावर ती हातभर अंतरावरून बघता येते. मान एकीकडे, धड दुसरीकडे, पाय परत पहिल्या बाजूला. त्रिभंगात वळण लयीसाठी घेतलेलं असतं, वजनाचा हिशोब दुय्यम. ग्रीक ढबीत वळण वजनामुळं पडतं. दोन्ही थोर आहेत, पण एका आकृतीत नकळत मिसळल्या की कंबर बाहेर आलेली असते आणि भार मात्र कुठल्याच पायावर नसतो. माणूस तरंगतो. कुस्तीच्या चित्रात तरंगणारा पैलवान म्हणजे चित्र संपलं.

कुस्तीत तर हा नियम एका माणसाला लावताच येत नाही. भिडलेले दोघे एकमेकांवर रेललेले असतात. एकाला काढून घेतलं तर दुसरा तोंडावर पडेल. म्हणून ओळंबा दोघांच्या मिळून झालेल्या धडाच्या मध्यातून सोडायचा, आणि तो चार पावलांनी आखलेल्या चौकोनात पडला पाहिजे. उचलून टाकण्याचा डाव असेल, तर वरचा पैलवान स्वतःचं सगळं वजन खालच्याला देतो, आणि ओळंबा उचलणाऱ्याच्या दोन पावलांमध्ये आला पाहिजे. त्याची कंबर मागं गेली पाहिजे, गुडघे वाकले पाहिजेत, टाचा मातीत रुतल्या पाहिजेत. दोन वेगवेगळ्या फोटोंवरून दोन पैलवान घेऊन जोडले की नेमकं हेच बिघडतं, कारण प्रत्येक फोटोतला माणूस आपापल्या तोलात उभा असतो. मॉडेल बसवायचे तर दोघे एकत्रच बसवावेत. तेही जमत नसेल तर शाडूच्या मातीत वीतभराच्या दोन आकृती एकमेकांत अडकवून कराव्यात. त्या पाटावर उभ्या राहिल्या तर चित्रातही उभ्या राहतील. शाडू गणपतीच्या हंगामात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत सहज मिळतो. तारेचा सांगाडा मात्र घालू नये, तार खोटा तोल देते.

डावांचाही विचार करावा. ग्रीक घड्यांवर बहुधा सुरुवातीची पकड दिसते, डोक्याला डोकं, मनगटं धरलेली, दोघे कमानीसारखे झुकलेले. त्यांच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडलं की निकाल लागायचा, म्हणून उभ्या झुंजीला महत्त्व. आपल्याकडं चीतपट झाल्याशिवाय कुस्ती संपत नाही, म्हणून खालची झुंज तितकीच मोलाची. घड्यावरची पकड उचलून तिला लंगोट चढवला तर तालमीत जाणारा कुणीही सांगेल की ही आपली कुस्ती नव्हे. खडाखडीचा क्षण रंगवायचा असेल तर घड्यांकडे बघावं, ढाक किंवा धोबीपछाड रंगवायचा असेल तर घडे बाजूला ठेवून तालमीत जाऊन बसावं. जमिनीवरच्या झुंजीसाठी एक ग्रीक आधार आहे: फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहातलं दोन मल्लांचं संगमरवरी शिल्प. ते 1583 साली रोममध्ये सापडलं, मूळ ग्रीक ब्राँझवरून केलेली रोमन प्रत आहे. त्यातला खालचा मल्ल एका हातावर अंग तोलून धरतो, तो हात कसा ताठरलाय ते बघण्यासारखं आहे.

शरीर कुणाचं?

शिल्पकार पॉलिक्लायटोसनं इ.स.पू. पाचव्या शतकात शरीराची प्रमाणं बांधली, त्याच्या आकृती साधारण सात डोक्यांच्या, म्हणजे उंची डोक्याच्या सातपट. पुढच्या शतकात लिसिपोसनं डोकं लहान आणि अंग सडपातळ केलं, आकृती आठ डोक्यांपर्यंत गेली. अँटिकवर हात बसलेला विद्यार्थी पैलवानही आठ डोक्यांचाच काढतो, वर ग्रीक पुतळ्यांतली ती कमरेवरची ठळक घडी, पोटाच्या सहा वड्या. असा माणूस व्यायामशाळेच्या पोस्टरवर शोभतो. तांबड्या मातीतला पैलवान सहसा सात किंवा त्याहून थोडा कमीच असतो: मान आखूड, खांदे उतरते, पोट भरलेलं पण घट्ट, मांड्या एकमेकींना घासणाऱ्या. प्रमाण त्याचं घ्यावं, रेघेची शिस्त ग्रीकांची घ्यावी. माझ्या मते ग्रीक प्रभाव पचलाय की नुसता चिकटलाय, हे इथंच कळतं.

ग्रीकांनीही प्रत्येक वेळी आदर्श देहच घडवला असं नाही. 1885 साली रोममध्ये सापडलेला बसलेला मुष्टियोद्धा बघा. ब्राँझचा, हेलेनिस्टिक म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातला, नाक मोडलेलं, कान फुगून गोळा झालेले. आपल्याकडं कान मोडल्याशिवाय पैलवान पुरा होत नाही म्हणतात, तेच कान. त्या पुतळ्याच्या जखमा आणि अंगावर ओघळलेले रक्ताचे थेंब तांब्याचे आहेत, ब्राँझमध्ये बसवलेले. सगळ्या तपकिरी अंगावर तेवढेच लाल. चित्रकारानं ही काटकसर उचलावी. आपल्या चित्रात शुद्ध, झळझळीत लाल एकाच ठिकाणी ठेवावा, लंगोटाच्या काठाला किंवा ओरखड्याला. दोन ठिकाणी ठेवला की दोन्हींची किंमत निम्मी होते.

चेहरा बाजूनं काढताना डोळ्याचं बघा. इ.स.पू. 500च्या आसपासपर्यंत ग्रीक चित्रकार बाजूच्या चेहऱ्यावर समोरून दिसणारा डोळा काढत. नंतर डोळ्याचा आतला कोपरा उघडा ठेवून तो खरोखर बाजूचा होऊ लागला. मराठी माणसाच्या नजरेला बाजूच्या चेहऱ्यावरचा मोठा समोरचा डोळा दिसला की पिंगुळीची चित्रकथी आठवते. तसं हवं असेल तर बेलाशक काढा, पण जाणूनबुजून. ग्रीक म्हणून काढलात तर बघणारा दुसरीकडंच पोचेल.

चार रंग

काही जणांना काळी पार्श्वभूमी नको असते, भरीव रंगकाम हवं असतं. त्यांच्यासाठी दुसरा ग्रीक रस्ता आहे. प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की अपेलिससारखे थोर चित्रकार चारच रंगांत काम करत: मेलोसचा पांढरा, अॅटिकाचा पिवळा, सिनोपेचा लाल, आणि काळा. मूळ चित्रं उरली नाहीत. पण पॉम्पेईत 1831 साली सापडलेलं अलेक्झांडरचं मोझेक अशाच एका ग्रीक चित्रावरून केलेलं मानतात, आणि ते पांढरा-पिवळा-लाल-काळा याच पट्टीत आहे. त्यात निळ्याची उणीव भासत नाही.

कारण साधं आहे. तांबूस-पिवळ्या रंगांच्या शेजारी तटस्थ राखाडी ठेवला की डोळा त्याला निळसर ठरवतो. इथं मात्र आयव्हरी ब्लॅकच हवा. पांढऱ्यात मिसळल्यावर तो थंड राखाडी देतो, मार्स ब्लॅकचा राखाडी तपकिरीकडं झुकतो. पार्श्वभूमीला एक काळा आणि मिश्रणाला दुसरा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. यलो ऑकर आणि काळ्यातून मातकट हिरवा निघतो, इंडियन रेड, काळा आणि पांढरा मिळून जांभळट. पैलवानाच्या त्वचेला पांढरा तीन भाग, ऑकर दोन, लाइट रेड एक, इथून सुरुवात करावी आणि आपल्याकडच्या सावळ्या अंगासाठी पांढरा कमी करत एका भागापर्यंत आणावा, सावलीत काळ्याऐवजी इंडियन रेड वाढवावा. टायटॅनियम व्हाइटची ताकद प्रचंड आहे. बेतानं न घातल्यास सगळी त्वचा पिठूळ दिसते, आणि चार रंगांत काम करणाऱ्यांचं सर्वात जास्त नुकसान इथंच होतं. झिंक व्हाइट सौम्य वाटतो पण तेलात ठिसूळ होतो, मोठ्या कॅनव्हासवर नकोच.

छाया देण्याची एक पद्धत उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्गिनाच्या थडग्यात दिसते. 1977 मध्ये तिथं सापडलेल्या, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या भित्तिचित्रात पाताळाचा देव हेडीस पर्सेफोनी या देवीला पळवून नेतोय. ओल्या गिलाव्यात टोकदार हत्यारानं ओढलेल्या पहिल्या रेघा अजून दिसतात, रंगवताना चित्रकारानं त्या मोडून दुसरीकडं वळवल्यात. अंगावरची सावली घोटून मऊ केलेली नाही, भराभर समांतर रेघा मारल्यात. कुस्तीच्या झटापटीला ही रेघाळी सावली फार शोभते. फक्त रेघांची दिशा अंगाच्या गोलाईवरून जाऊ द्यावी. सगळीकडं एकाच कोनात मारल्या तर अंग सपाट होतं.

पांढरा ग्रीस हा गैरसमजही इथंच सोडून द्यावा. अँटिकच्या वर्गातल्या प्लास्टरनं तो पक्का केला. मूळ पुतळे रंगवलेले असत. व्हिन्झेन्झ ब्रिंकमन या जर्मन पुरातत्त्वज्ञांनी अतिनील आणि तिरक्या उजेडात रंगांचे माग काढून केलेल्या प्रतिकृती 2003 पासून जगभर दाखवल्या गेल्यात. एजिना बेटावरच्या देवळातला धनुर्धारी त्यात निळ्या-लाल-पिवळ्या शंकरपाळी नक्षीची विजार घालून गुडघ्यावर बसलाय. शेंदूर लावलेले देव बघत वाढलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. तेव्हा लंगोट भडक असेल, प्रेक्षकांतल्या फेट्यांना रंग असतील, तर चित्र ‘कमी ग्रीक’ होत नाही.

नक्षी, अक्षरं, मांडणी

काटकोनी वळणांची ती ग्रीक किनार सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ती चारी बाजूंनी फिरवू नये. नक्षीच्या फरशीची आठवण होते. घड्यावर ती बहुतेकदा आकृतींच्या पायाखाली असते, उभं राहायला जमीन म्हणून. तिथंच ठेवावी. 120 सेंटिमीटर रुंदी असेल तर 6 सेंटिमीटरचे 20 घटक नेमके बसतात. आधी भागाकार करून मगच आखावं, नाहीतर उजव्या टोकाला अर्धा घटक लोंबकळतो. घटकाची उंची पाच समान पट्ट्यांत विभागावी: काळी, मोकळी, काळी, मोकळी, काळी.

घड्यांवर आकृतींच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत नावं लिहिलेली असतात, कधी ‘सुंदर’ एवढाच शब्द. अक्षरं ओळीत नसतात, हाताच्या किंवा काठीच्या दिशेनं तिरकी धावतात. साय ट्वॉम्ब्ली या अमेरिकन चित्रकारानं ट्रोजन युद्धावर 1978 मध्ये पुरी केलेली दहा चित्रांची मालिका, जी फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे, तिच्यात खरडलेली नावंच योद्धे होऊन उभी राहतात. देवनागरीत हे करताना शिरोरेषा आडवी येते, ती सरळ पट्टी होऊन चित्र कापते. शिरोरेषा तोडून अक्षर मोकळं लिहावं किंवा तिलाच दंडाच्या रेषेला समांतर झुकवावं. डावाचं नाव किंवा पैलवानाचं नाव, दोन्हींपैकी एकच.

मांडणीबद्दल थोडक्यात. अथेन्समध्ये दरवर्षीच्या उत्सवाच्या मोठ्या पर्वात जिंकणाऱ्या खेळाडूला पवित्र झाडांच्या ऑलिव्ह तेलानं भरलेले घडे मिळत, आपल्याकडं गदा मिळते तसे. लाल आकृतींची पद्धत रूढ झाल्यावरही हे बक्षिसाचे घडे जुन्याच काळ्या-आकृती पद्धतीनं रंगवले जात. एका बाजूला अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तो खेळ. आज कुणी दोन पॅनेलचं चित्र करणार असेल तर ही रचना तयारच आहे: एका पॅनेलवर लाल जमिनीवर काळी आकृती, दुसऱ्यावर काळ्यात लाल. दोन्हींच्या पायाखालची रेघ मात्र एकाच उंचीवर हवी, आणि टांगताना मधे तीन-चार बोटांचं अंतर. प्रेक्षकांची रांग घ्यायची असेल तर अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या शिल्पपट्टीवर केलंय तसं बसलेल्या-उभ्या सगळ्यांची डोकी एका पातळीत आणावीत. खासबागेसारख्या उतरत्या मैदानात लोक खरे तर वरवर चढत जातात, पण चित्रात ते चढवले तर नजर पैलवानांना सोडून वर पळते.

शेवटचं वार्निशचं. अॅक्रिलिक असेल तर दोन आठवडे थांबावं, पावसाळ्यात महिना. तेलरंग असेल तर पातळ थरांनाही सहा महिने तरी द्यावेत. पार्श्वभूमी काळी असल्यानं कॅनव्हास आडवा ठेवून, खिडक्या बंद करून, आधी मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झटकून मगच वार्निश लावावं. काळ्यावर अडकलेला एक केसही पुढची सगळी वर्षं दिसत राहतो.